अहंभानलोप

अहंभानलोप : ‘मी’ म्हणून जाणवणाऱ्या केंद्राची जाणीव काही काळ क्षीण होणे, तिच्या सीमा पुसट होणे किंवा ती पूर्णपणे नाहीशी होणे, या मानसिक अवस्थेस अहंभानलोप म्हणतात. जागेपणीच्या प्रत्येक अनुभवास तीन गोष्टी चिकटलेल्या असतात : हे शरीर माझे आहे, हे विचार व भावना माझ्या आहेत आणि काल जो होतो तोच मी आज आहे. हे भान इतके सवयीचे असते, की ते असल्याचे सहसा ध्यानात येत नाही. त्याचा एखादा पदर सुटला म्हणजेच तो होता असे कळते. भ्रमजनक द्रव्यांचे सेवन, ध्यानधारणा, नामसंकीर्तन, देवता अंगात येणे, विषबाधा, तीव्र ज्वर, अपस्माराचे काही प्रकार आणि मनोविकार अशा अगदी भिन्न कारणांनी ही अवस्था संभवते. मराठीत या सर्वांना ‘भान हरपणे’ हा एकच शब्दप्रयोग लावला जातो व त्यामुळे पुष्कळ घोटाळा होतो. भान हरपलेल्या व्यक्तीचे नेमके काय हरपले आहे, हे पाहिल्याशिवाय तिला नमस्कार करावा, तिच्याजवळ शांत बसून राहावे की तिला तातडीने रुग्णालयात न्यावे, हे ठरविता येत नाही.

या विषयाच्या विवेचनास खानदेशाचा प्रदेश विशेष सोयीचा आहे. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे विभाजन होऊन पूर्व व पश्चिम खानदेश, म्हणजे पुढील जळगाव व धुळे हे जिल्हे झाले. धुळ्यातून १९९८ मध्ये नंदुरबार वेगळा झाला. ‘मी’पणाच्या विलयासंबंधीची मराठीतील सर्वांत प्रसिद्ध आख्यायिका या प्रदेशातील तापी-पूर्णा संगमाशी निगडित आहे; अद्वैत वेदान्ताचा आधुनिक पद्धतीने अभ्यास करणारी एक महत्त्वाची संस्था येथील अमळनेरात उभी राहिली; श्रावणात कानबाईच्या उत्सवात देवता अंगात येण्याची रीत येथे घरोघर परिचित आहे आणि शेताच्या बांधावर उगवणारा धोत्रा भान हरपण्याचा सर्वांत धोकादायक मार्ग येथेही खुला ठेवतो.

चांगदेवाचे कोरे पत्र : जळगाव जिल्ह्याच्या मुक्ताईनगर (पूर्वीचे एदलाबाद) तालुक्यात तापी-पूर्णा संगमावर चांगदेव हे गाव असून तेथे चांगदेवाचे प्राचीन दगडी मंदिर आहे. योगसामर्थ्याने मृत्यूला चुकवीत चौदाशे वर्षे जगलेल्या या योग्याने ज्ञानेश्वरांची कीर्ती ऐकून त्यांना पत्र लिहावयास घेतले. परंतु मायना काय लिहावा हेच त्याला ठरविता येईना. वयाने लहान म्हणून ‘चिरंजीव’ लिहावे, तर ज्ञानाने ते वडील. ‘तीर्थरूप’ लिहावे, तर समोर एक बालक. अखेरीस त्याने कोरेच पत्र पाठविले. त्यास उत्तर म्हणून ज्ञानेश्वरांनी लिहिलेल्या पासष्ट ओव्या चांगदेव पासष्टी या नावाने प्रसिद्ध आहेत. पुढे मुक्ताबाई ही चांगदेवाची गुरू झाली आणि १२९७ मध्ये याच परिसरात, तापीकाठी, विजेच्या लोळात ती गुप्त झाली, असे परंपरा मानते. (चाळीसगावजवळील पाटणे येथील तेराव्या शतकाच्या आरंभीच्या शिलालेखातील चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू, यादव दरबारचा ज्योतिषी होय, नामसाम्यामुळे त्याची या योग्याशी गल्लत करू नये.)

चमत्काराचा भाग सोडला, तरी या आख्यायिकेत मानसशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय असे काही उरते. मायन्यावाचून पत्र नाही, कारण समोरचा कोण हे ठरल्याशिवाय लिहिणारा कोण हेही ठरत नाही. ‘मी’ हा नात्यातून घडतो. नाते निश्चित होईना म्हणताच चांगदेवाचा ‘मी’ अडखळला. उत्तरातील ओव्यांचा रोख याच ठिकाणी आहे. पाहणारा, पाहिले जाणारे आणि पाहणे ही त्रिपुटी मुळात एकच आहे, सोन्याचे अलंकार झाले तरी सोनेपणात उणे येत नाही, असे त्यांत सांगितले आहे. त्यांतील मिठाचा दृष्टांत प्रस्तुत विषयाच्या अगदी गाभ्याचा आहे. पाण्याची खोली मोजण्यासाठी मीठ पाण्यात उतरले आणि स्वतःच विरघळले. आता माप कोणी घ्यावे, असा तो प्रश्न आहे. अहंभानलोपाच्या प्रत्येक वर्णनापुढे हाच प्रश्न उभा राहतो. ‘मी उरलो नव्हतो’ असे जो सांगतो, तो त्या वेळी नव्हता, तर त्याला ते आठवते कसे?

अमळनेरचे तत्त्वज्ञान मंदिर : या प्रश्नाचा तर्कशुद्ध पाठपुरावा विसाव्या शतकात खानदेशातच झाला, हा योगायोग असला तरी नोंद घेण्यासारखा आहे. गिरणीमालक श्रीमंत प्रतापशेठ यांनी शांकर वेदान्ताच्या अभ्यासासाठी अमळनेर येथे १९१६ मध्ये ही संस्था स्थापन केली. घ. र. मलकानी, रासबिहारी दास, टी. आर. व्ही. मूर्ती यांसारखे अभ्यासक तेथे राहून गेले. साने गुरुजीही पुढे शाळेत शिक्षक होण्यापूर्वी काही काळ तेथे होते. उपर्युक्त तिघांनी मिळून लिहिलेला अज्ञान हा इंग्रजी ग्रंथ १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. अज्ञान म्हणजे केवळ ज्ञानाचा अभाव की प्रत्यक्ष अनुभवास येणारी वस्तू, या वादात गाढ झोपेचे उदाहरण वेदान्त्यांना फार महत्त्वाचे वाटते. जागा झालेला मनुष्य ‘सुखाने झोपलो, काहीच कळले नाही’ असे म्हणतो. काहीच न कळल्याची ही आठवण आहे. आणि अनुभवावाचून आठवण नाही. म्हणून झोपेत अहंकार लीन झाला, तरी साक्षी जागा होता, असे वेदान्ती म्हणतात. नैयायिकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते ती आठवण नसून जागे झाल्यावर केलेले अनुमान असते. मिठाच्या प्रश्नाला दिलेली ही दोन उत्तरे अद्यापि एकमेकांसमोर उभी आहेत.

कृष्णचंद्र भट्टाचार्य यांचा द सब्जेक्ट ॲज फ्रीडम हा छोटा पण अतिशय कठीण इंग्रजी ग्रंथ १९३० मध्ये अमळनेरहूनच प्रसिद्ध झाला. ‘मी’ हा शब्द बोलणारा ज्या अर्थाने उच्चारतो, त्याच अर्थाने ऐकणारा तो घेऊ शकत नाही. म्हणून ‘मी’ ही इतर वस्तूंसारखी वस्तू नव्हे, येथून ते आरंभ करतात आणि शरीराशी, मग मनातील प्रतिमा व विचारांशी असलेले तादात्म्य क्रमाने कसे सुटत जाते, हे दाखवितात. प्रत्येक पायरी ही आधीच्या पायरीपासूनची मुक्ती होय. या क्रमात आणि पुढे वर्णिलेल्या भ्रमजनक द्रव्यांच्या अनुभवात बाह्य साम्य आढळते. मात्र भट्टाचार्यांचा विषय विचाराची शिस्त हा आहे, नशा नव्हे. या साम्यावरून दोन्ही गोष्टी एकच मानणे हे त्यांच्या ग्रंथाचे चुकीचे वाचन ठरेल.

भ्रमजनक द्रव्ये : एलएसडी, सायलोसिबिन (काही भूछत्रांतील द्रव्य), मेस्कलीन (मेक्सिकोतील पेयोटे या निवडुंगातील द्रव्य) इत्यादींचा या वर्गात समावेश होतो. त्यांना दिलेले ‘सायकेडेलिक’, म्हणजे मन प्रकट करणारी, हे नाव हंफ्री ऑझ्मंड या मनोरोगतज्ज्ञाने १९५०–६० या दशकात सुचविले. स्विस रसायनज्ञ आल्बर्ट होफमान याने १९३८ मध्ये एलएसडी प्रथम तयार केले; पण त्याचा मनावरील परिणाम एप्रिल १९४३ मध्ये स्वतःवरच घडलेल्या अनुभवातून त्याच्या ध्यानात आला. १९ एप्रिल रोजी त्याने मुद्दाम घेतलेली मात्रा केवळ २५० मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमचा चौथा हिस्सा होती व तीही पुरेशीहून अधिक ठरली. सायलोसिबिनही त्यानेच १९५८ मध्ये वेगळे केले. सायलोसिबिनचा परिणाम सुमारे चार ते सहा तास, तर एलएसडीचा आठ ते बारा तास टिकतो.

अल्प मात्रेत रंग गडद भासणे, पृष्ठभाग लहरताना दिसणे, काळ लांबल्यासारखा वाटणे असे परिणाम होतात. मात्रा वाढली, की शरीराची सीमा कोठे संपते व आसन कोठे सुरू होते हे सांगता येईनासे होते. मग विचार कोणाचे आहेत हे कळेनासे होते. अखेरीस पाहणारा असा कोणी उरत नाही, केवळ पाहणे उरते, असे वर्णन केले जाते. येथे महत्त्वाची गोष्ट ही, की जाणीव बहुधा स्वच्छ असते आणि ओसरल्यानंतर अनुभव तपशिलाने आठवतो. कोणास हा अनुभव अत्यंत शांततेचा, तर कोणास मृत्यूसारखा भयंकर वाटतो. सेवन करणाऱ्याची मनःस्थिती, त्याची अपेक्षा आणि भोवतालची माणसे व परिस्थिती यांवर हे पुष्कळ अंशी अवलंबून असते. ‘मी’ सोडून देण्यास तयार नसलेला मनुष्य तो वाचविण्याची धडपड करू लागला म्हणजे भीती अनावर होते.

ही द्रव्ये मेंदूतील सिरोटोनिन या रसायनाच्या २-ए प्रकारच्या ग्राहींवर कार्य करतात. हे ग्राही केटॅन्सेरिन या औषधाने आधीच अडविले, तर सायलोसिबिनचा भ्रमजनक परिणाम होत नाही, असे झुरिक येथील संशोधकांनी १९९८ मध्ये दाखविले. मनुष्य कोणत्याही बाह्य कामात गुंतलेला नसताना, स्वतःविषयी विचार करीत असताना मेंदूच्या काही विशिष्ट भागांचे जाळे अधिक सक्रिय असते, ही कल्पना २००१ मध्ये मार्कस रेकल यांनी मांडली. सायलोसिबिनच्या प्रभावाखाली या जाळ्यातील प्रमुख भागांची क्रिया मंदावते व त्यांचा परस्परमेळ सुटतो, असे लंडनच्या इंपीरियल महाविद्यालयातील प्रयोगात २०१२ मध्ये आढळले. वॉशिंग्टन विद्यापीठातील (सेंट लुइस) २०२४ मधील प्रयोगात हा मेळ तीव्रतेने सुटल्याचे, आणि स्मृतीशी निगडित अशा हिप्पोकँपस या भागाचे त्या जाळ्याशी असलेले जोडकाम सुमारे तीन आठवडे कमी राहिल्याचे दिसले. यावरून ‘अहंकाराचे स्थान सापडले’ असे म्हणणे घाईचे होय. मेळ सुटणे आणि ‘मी’ हरपणे या दोन घटना बरोबर घडतात एवढेच यांतून सिद्ध होते. मीठ विरघळत असताना पाणी हलले, इतकाच त्याचा अर्थ.

धार्मिक अनुभूतीशी या अनुभवाची तुलना करणारा प्रसिद्ध प्रयोग वॉल्टर पाँके याने १९६२ मध्ये गुड फ्रायडेच्या दिवशी बॉस्टन विद्यापीठाच्या प्रार्थनामंदिरात केला. धर्मशास्त्राच्या वीस विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांना सायलोसिबिन व निम्म्यांना निकोटिनिक अम्ल देण्यात आले. पहिल्या गटातील बहुतेकांनी गूढानुभवाची लक्षणे सांगितली आणि पंचवीस वर्षांनंतरही त्यांना तो अनुभव मोलाचा वाटत होता. पण पुनर्शोधातून १९९१ मध्ये हेही उघड झाले, की एक विद्यार्थी इतका प्रक्षुब्ध झाला होता, की त्याला शामक औषध टोचावे लागले, आणि मूळ अहवालात ही गोष्ट सांगितलेली नव्हती. या द्रव्यांविषयीच्या उत्साही लेखनात अशा वगळलेल्या ओळी शोधणे आवश्यक असते. नैराश्यावरील उपचारात सायलोसिबिनचे प्रयोग पुन्हा सुरू झाले असून ऑस्ट्रेलियाने जुलै २०२३ पासून प्राधिकृत मनोरोगतज्ज्ञांना त्याचा मर्यादित वापर करू दिला आहे. स्वतःला किंवा रक्ताच्या नातेवाइकांना छिन्नमानस अथवा उन्माद-अवसाद विकार झालेला असल्यास अशी द्रव्ये धोक्याची ठरतात. चाचण्यांतून अशा व्यक्तींना वगळले जाते. चोरट्या बाजारात वगळणारे कोणी नसते.

धोत्रा : सामान्य बोलण्यात धोत्र्याची गणनाही भ्रमजनक वनस्पतींतच होते, पण तिचा मार्ग सर्वस्वी वेगळा आहे. धोत्र्याच्या सर्व भागांत, विशेषतः बियांत, हायोसायमीन, हायोसीन व ॲट्रोपीन ही अल्कलॉइडे असतात. ती ॲसिटिलकोलीन या रसायनाचे कार्य अडवितात. तोंड कोरडे पडते, गिळता व नीट बोलता येत नाही, त्वचा लाल, कोरडी व तापलेली होते, बाहुल्या विस्फारतात, नाडी जलद चालते, लघवी तुंबते आणि नंतर वाताचा झटका यावा तशी बडबड सुरू होते. रोगी समोर नसलेल्या माणसांशी बोलतो, अंथरूण चाचपतो, बोटांच्या टोकांतून न दिसणारे धागे ओढल्यासारखे करतो. एलएसडीच्या प्रभावाखालील मनुष्यास आपण पाहत आहोत ते द्रव्यामुळे आहे हे बहुधा उमगते. धोत्र्याच्या रोग्यास ते उमगत नाही. त्याचा ‘मी’ विरघळत नाही, तो अंधारात चाचपडतो. शुद्धीवर आल्यावर त्याला बहुधा काहीच आठवत नाही. मिठाच्या दृष्टांतातील प्रश्न येथे उद्‌भवतच नाही. कारण माप घेण्याचे साधनच मोडलेले असते.

धोत्र्याचे फूल व काटेरी फळ महाशिवरात्रीस शंकराला वाहतात. त्याच सुमारास चांगदेव व मुक्ताबाई यांची यात्रा तापीकाठी भरते. शंकराला प्रिय म्हणून आपणही चाखावे, ही कल्पना जिवावर बेतू शकते. पूर्वी प्रवाशांना अन्नातून धोत्र्याचे बी देऊन लुबाडण्याचे प्रकार होत व त्यामुळे भारतीय न्यायवैद्यकाच्या जुन्या ग्रंथांत त्याचे विस्तृत वर्णन आढळते. हे बी मिरचीच्या बियांसारखे दिसते. मात्र ते मूत्रपिंडाच्या आकाराचे व चवीला कडवट असते, तिखट नसते. बाधा झालेल्या व्यक्तीस एकटे न सोडता व ओकारी काढण्याच्या प्रयत्नात वेळ न घालविता रुग्णालयात न्यावे. तेथे सक्रियित कोळसा, शरीर थंड करणे, बेंझोडायझेपीन वर्गातील शामके आणि निवडक रोग्यांत, हृदयावर लक्ष ठेवून, फायसोस्टिग्मीन हे प्रतिविष असा उपचार होतो.

भांग व गांजा यांतील टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल या द्रव्याने काळाचे भान बदलते व स्वतःपासून दूर गेल्यासारखे वाटते, पण पूर्ण अहंभानलोप क्वचितच होतो. सातपुड्याच्या पायथ्याशी, विशेषतः शिरपूर तालुक्यात, गांजाची चोरटी लागवड पोलिसांनी वारंवार उद्ध्वस्त केली आहे.

अंगात येणे : नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशातील घरांत कानबाईची स्थापना होते. नारळास नथ व दागिने घालून त्यास देवीचे रूप देतात, भाऊबंद एकत्र जमून रोटांचा नैवेद्य करतात, रात्रभर अहिराणी गाणी चालतात आणि सोमवारी मिरवणुकीने नदीवर विसर्जन होते. या वेळी एखाद्या स्त्रीच्या अंगात कानबाई येते. श्वास जलद होतो, केस सुटतात, अंग घुमू लागते, आवाज पालटतो. उपवास, जागरण, वाद्यांचा एकसारखा ठेका व जमावाची अपेक्षा यांचा हा एकत्रित परिणाम होय. कोणतेही द्रव्य लागत नाही. येथे ‘मी’ नाहीसा होत नाही, त्याची जागा दुसरा ‘मी’ घेतो. प्रथमपुरुषी बोलणारी आता देवी असते. एरवी ज्येष्ठांसमोर मान वर न करणारी सून सर्वांना अरे-तुरे करते, दुखावल्याचे बोलून दाखविते, आणि ज्येष्ठ तिच्या पाया पडतात. ओटी भरली, अंगारा लावला, की वारे उतरते. ती पुन्हा पदर सावरते व आपल्याला काही आठवत नाही असे म्हणते. हे विस्मरण खरे की सोयीचे, असा संशय शहरी निरीक्षक नेहमी घेतात. तो पुष्कळदा अनाठायी असतो. आणि विस्मरण सोयीचे असले, तरी ज्या घरात तिला दुसऱ्या कोणत्याही वेळी हे बोलता येत नाही, त्या घराविषयी ते काही सांगतेच.

अशा अवस्थेस आरंभ व शेवट असतो, भोवती तिला ओळखणारी माणसे असतात आणि ती ओसरताच व्यक्ती कामाला लागते. २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात संचाराचा विकार नमूद आहे. पण समूहाच्या मान्य धार्मिक आचाराचा भाग असलेला संचार त्यातून वगळला आहे. संचार इच्छेविरुद्ध, वारंवार, उत्सवाबाहेर येऊ लागला व त्याने जगणे विस्कटले, तरच तो विकार.

मनोविकारातील अहंभानलोप : अतिचिंता, मोठा आघात किंवा गांजाचे सेवन यांनंतर काहींना आपण स्वतःस बाहेरून पाहत आहोत, हात आपले नाहीत, असे आठवडेच्या आठवडे वाटत राहते. छिन्नमानस विकारात आपले विचार दुसरा कोणी घालतो किंवा काढून नेतो, अशी खात्री होते. येथे ‘मी’ व जग यांतील कुंपण मोडते, पण त्यातून एकत्वाची शांती न येता आक्रमणाची भीती येते. ग्रामीण भागात अशा तरुणास पुष्कळदा प्रथम भगताकडे नेले जाते. घरच्यांना धीर मिळतो हे खरे. परंतु झोप उडालेली, खाणे सुटलेले, संशय वाढत चाललेला अशी स्थिती असता एकेक महिना लांबणारा उपचार पुढील सुधारणा अवघड करतो. भगताकडे जाणे व मनोरोगतज्ज्ञाकडे जाणे यांत निवड करण्याचे कारण नाही; दुसरे टाळले जाऊ नये, इतकेच पुरे.

कायदा : गुंगीकारक औषधे व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांविषयीच्या १९८५ च्या केंद्रीय अधिनियमान्वये एलएसडी व सायलोसिबिन बाळगणे हा गुन्हा आहे. एलएसडीच्या बाबतीत ०·१ ग्रॅम एवढे प्रमाणही व्यापारी समजले जाते. गांजा याच अधिनियमाखाली येतो. भांगेची पाने त्याच्या व्याख्येबाहेर असून त्यांवर राज्याच्या कायद्याचे नियंत्रण आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार अंगात दैवी शक्ती संचारल्याचे भासवून भय निर्माण करणे हा गुन्हा ठरतो. उत्सवातील सहज संचारास तो लागू नाही. धोत्रा मात्र १९८५ च्या अधिनियमाच्या कक्षेत येत नाही. तो पडीक जमिनीत व रस्त्याच्या कडेला आपोआप उगवतो.